दातातली साखळी

म्हस्कूला मागं बघायचं असलं की तो सगळाच्या सगळा वळायचा. आधी पाय फिरायचे, मग कंबर, छाती आणि डोकं एकदमच, बिजागरीवर दार फिरावं तसं. रेणू फाट्यावर बसमधून उतरली आणि मेंढ्यांमागं चाललेल्या वडलांना तिनं हाक मारली, तेव्हा तिला हे पहिल्यांदा दिसलं. लचक भरली असेल असं तिला वाटलं.

घरी आईनं, गोपिकाबाईनं, सांगितलं, वात आहे. गेल्या उन्हाळ्यापासून म्हस्कूचं अंग धरलं होतं. सकाळी उठताना तो आधी कुशीवर व्हायचा, मग हातानं बाजेचा पाय धरायचा. पाठ वाकत नव्हती म्हणून वहाणा आता गोपिकाबाईच त्याच्या पायात सरकवायची. भोकरदनच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, चोळायला तेल दिलं होतं. गोळ्यांनी दुखणं थांबायचं. आखडणं थांबत नव्हतं.

रेणू पुण्याला एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होती. म्हस्कूच्या सगळ्या भावकीत इतकं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. ती नेमकं काय करते हे घराकडं, माळवस्तीवर, कुणाला सांगता यायचं नाही. मागच्या सुट्टीत म्हस्कूनंच विचारलं म्हणून तिनं एकदा सांगून बघितलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढा एक स्फटिक असतो, त्याचं नाव फ्लोरअ‍ॅपेटाइट. त्याच्या आत फ्लोरीनचे अणू सरळ रांगेत उभे असतात, एकामागं एक, खूप लांबपर्यंत. बाजूची रांग दूर असते, पण आपल्या रांगेतला पुढचा आणि मागचा अगदी जवळ. प्रत्येकाच्या पोटात एक बारीकसं चुंबक असतं, त्याला स्पिन म्हणतात. मोठ्या चुंबकात तो स्फटिक ठेवायचा, रेडिओच्या लहरींनी त्या स्पिनांची मांडणी जराशी बिघडवायची, आणि तो बिघाड साखळीतून कसा पसरत जातो ते बघायचं.

"म्हंजे एक मेंढी बिचकली की शेजारची बिचकती तसं," म्हस्कू म्हणाला होता.

"जवळपास. पण मेंढ्यांत कोणती बिचकली ते सांगता येतं, आबा. इथं थोड्या वेळानं सांगताच येत नाही. एकेकीचं म्हणून काही उरत नाही. जे काय आहे ते सगळ्या कळपाचं मिळून असतं."

म्हस्कूला ते आवडलं नव्हतं. असा कळप राखायचा कसा, असं तो म्हणाला होता.

या खेपेला तसलं बोलणं निघालंच नाही. रामेश्वरची, म्हणजे रेणूच्या थोरल्या भावाची मुलगी मीना धावत आली आणि आत्याच्या कमरेला बिलगून हसली. तिचे दुधाचे दात पडून पुढचे नवे दात आले होते. ते खडूसारखे पांढरे होते, चमक नसलेले, आणि दोन्हींवर आडवी तपकिरी रेघ होती. चहाचे डाग असावेत तशी. रेणूनं पदराच्या टोकानं एक दात पुसून बघितला. रेघ गेली नाही.

"घासत न्हाई ती बराबर," वर्षाराणी, मीनाची आई, चुलीपाशी बसून म्हणाली. "समद्याच पोरांचे तसे हायेत."

सगळ्याच पोरांचे. दुसऱ्या दिवशी रेणूनं वस्तीवरची पोरं बघितली. खरंच, लहान्यांचे दात तसेच होते. पण तिच्या स्वतःच्या वयाच्या, लग्न होऊन गेलेल्या, माहेरी आलेल्या पोरींचे दात चांगले होते. रामेश्वरचे चांगले होते. तिचे चांगले होते.

फरक एवढाच होता की ते सगळे बोअरच्या आधीचे होते. रेणू लहान असताना त्यांचं बिऱ्हाड मेंढ्यांमागं हिंडायचं. जिथं थांबतील तिथलं पाणी प्यायचं, कधी नदीतला झरा, कधी कुणाची विहीर. वस्तीवर कायमचं राहायला लागल्यावर पाण्याचे हाल झाले. ओढ्याकाठची विहीर होळीच्या आतच तळ गाठायची, मग टँकरची वाट बघायची. रेणू अकरावीला जालन्याच्या वसतिगृहात गेली त्या साली गावातल्या बद्रीनाथ काकांनी आपल्या शेताचा कोपरा वस्तीला दिला आणि स्वतःच्या खर्चानं बोअर पाडून दिला. बद्रीनाथ मोठे जमीनदार, पण मनाचे मऊ. त्यांचं घरही त्याच बोअरचं पाणी प्यायचं. ते पाणी कधी आटलं नाही. नितळ होतं, जिभेला गोड लागायचं.

जेवताना म्हस्कूची एक दाढ भाकरीबरोबर हातात आली. बरेच दिवस हलत होती. त्यानं ती ताटाच्या कडेला ठेवली आणि जेवत राहिला. रेणू त्या दाढेकडं बघत राहिली. मुळं जाड, पिवळसर, गाठी आल्यासारखी.

तिच्या प्रत्येक भाषणाची सुरुवात एका वाक्यानं व्हायची. पुण्यात, बंगळुरूला, परिषदेत, जिथं कुठं ती आपल्या स्फटिकाची ओळख करून द्यायची, तिथं ती म्हणायची की हेच खनिज थोड्या फरकानं आपल्या हाडांत आणि दातांत असतं. लोक जरा हसायचे, मग ती समीकरणांकडं वळायची. हाडात फ्लोरीनच्या जागी दुसरंच काहीतरी बसलेलं असतं, म्हणून तिथं साखळी नसते. पण पाण्यातून फ्लोराइड येत राहिलं, वर्षानुवर्षं येत राहिलं, तर ते त्या जागा एकेक करून घेत जातं. हे तिला ठाऊक होतं. एका ओळीत ठाऊक होतं, पुस्तकात ठाऊक असतं तसं.

तिनं दाढ धुतली, रुमालात बांधली आणि दोन बाटल्या बोअरचं पाणी भरून घेतलं. कशाला, असं आईनं विचारलं. तपासायला, एवढंच ती म्हणाली.

पुण्यात तिच्या गाइड सुरेखा मॅडमनी आधी ऐकून घेतलं आणि मग चुंबकाची एक दुपार तिला मोकळी करून दिली. दंतमहाविद्यालयातल्या ओळखीच्या एका मुलीकडून रेणूनं तुलनेसाठी कोकणातल्या कुणाची तरी, म्हस्कूच्याच वयाच्या माणसाची दाढ मिळवली होती. दोन्ही दाढांच्या मुळांची भुकटी केली. कोकणातली आधी ठेवली. फ्लोरीनचा संकेत इतका बारीक होता की तो गोंगाटातून वर यायला तासभर लागला. मग म्हस्कूची ठेवली. पडद्यावर लगेच उंच रेघ उभी राहिली.

एवढ्यानं फ्लोरीन आहे हे कळलं. ते एकेकटं विखुरलेलं आहे की जवळजवळ बसलंय, हे त्या रेघेतून कळत नव्हतं. त्यासाठी रेणूकडं तिची रोजची पद्धत होती. रेडिओलहरींच्या स्पंदांचा एक क्रम असा असतो की त्यानं दोन शेजारी स्पिन एकदमच उलटे होतात. एकटा स्पिन त्याला दाद देत नाही, देऊच शकत नाही. त्याला शेजारी लागतो. नुसती जोडी असली तर तो संकेत चढतो, उतरतो, परत चढतो, दोघांत येरझाऱ्या घालत राहतो. तीन असले तर येरझाऱ्या गुंतागुंतीच्या होतात. लांब साखळी असली तर तो पसरत जातो आणि परत येत नाही.

कोकणातल्या दाढेतून काहीच आलं नाही. सपाट रेघ. म्हस्कूच्या दाढेतून संकेत आला, चढला, आणि थोडासाच उतरून अडखळत राहिला.

रेणूनं तो आकडेमोडीशी जुळवून बघितला. एरवी या आकडेमोडीत तिची दमछाक व्हायची. साखळीत एक स्पिन वाढवला की काम दुप्पट होतं. तीसेक स्पिनांपलीकडं संगणक हात टेकतो. मग ती साखळीची दोन टोकं जोडून कडं करायची, म्हणजे टोकांची कटकट नको. पण कड्यातही बिघाड दोन्ही बाजूंनी फिरून समोरच्या अंगाला एकमेकांना भेटतो, आणि तिथून पुढचं उत्तर खोटं असतं. खऱ्या साखळीला ते लागू पडत नाही. इथं मात्र साखळ्या तोकड्या होत्या. दोन-दोनच्या, तीन-तीनच्या, काही चारच्या. त्यांचं गणित अचूक सोडवता येत होतं. तिनं त्यांचं प्रमाण बदलून बघितलं आणि गणिताची रेघ प्रयोगाच्या ठिपक्यांवरून अशी बेमालूम गेली की वर्षभरात तिचं काही इतकं चांगलं जुळलं नव्हतं.

क्षणभर तिला आनंद झाला. खुर्ची मागं सारून ती मॅडमना बोलवायला उठलीसुद्धा. मग तिला आठवलं की ही कुणाची दाढ आहे, आणि ती परत बसली.

मॅडम आपणहून आल्या. त्यांनी पडद्याकडं बघितलं. पाण्याचा निकाल आला का, असं विचारलं. आला होता. पिण्याच्या पाण्यात जेवढं फ्लोराइड चालतं त्याच्या कितीतरी पट.

"हा तुझा प्रयोग इथं थांबव," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टरला विचार."

हाडांच्या डॉक्टरनं म्हस्कूचा भोकरदनमध्ये काढलेला एक्स-रे फोनवर बघितला. कण्याचे मणके जिथं एकमेकांपासून सुटे दिसायला हवेत, तिथं पांढरा पट्टा होता. नुसतं हाडच जड होत नाही, मणक्यांना बांधणाऱ्या दोऱ्यासुद्धा हाडाच्या होतात, असं त्यांनी सांगितलं. पुढं कण्यातली नस दबते. पाणी ताबडतोब बदला. रेणूनं विचारलं, बदललं तर हे मागं फिरेल का. डॉक्टर म्हणाले, पोरांचं पुढचं वाचेल. जे बसलंय ते बसलं.

रेणूच्या प्रयोगशाळेत ते मागं फिरायचं. स्पंदांचा क्रम बदलला की साखळीतल्या परस्परक्रियेचं चिन्हच उलटं होतं, आणि पसरलेला बिघाड पावलागणिक आवरत पुन्हा सुरुवातीच्या जागी येतो. पूर्ण नाही, थोडं निसटतंच, पण येतो. हे ती आठवड्यातून चार वेळा करायची. त्या आठवड्यात तिच्यानं एकदाही झालं नाही.

ती पुन्हा माळवस्तीवर गेली तेव्हा हिवाळा लागला होता. घरात तिनं सगळं नीट सांगितलं. रामेश्वरनं ते ऐकलं. त्याच दिवसापासून तो मोटारसायकलला दोन कॅन बांधून ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी आणायला लागला. पावसाचं पाणी अजून विहिरीत होतं.

मग ती बद्रीनाथ काकांकडं गेली. ते ओसरीवर उंच खुर्चीत बसले होते. त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईनं, रेणूला पाणी दिलं. रेणूनं तांब्या हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. पुष्पाबाईनं ते पाहिलं.

काकांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं, मधे तोडलं नाही.

"मी पुण्याईचं काम म्हणून केल्तं ते," ते म्हणाले.

"माहीत आहे, काका. तुमची चूक नाहीच. पाण्याकडं बघून हे कुणालाच कळलं नसतं."

"मंग आता काय करायचं म्हणती?"

छतावरचं पावसाचं पाणी साठवायचं, विहिरीचा गाळ काढून ती खोल करायची, बोअरचं पाणी फक्त जनावरांना... नाही, जनावरांनाही नको, नुसतं धुण्याला. रेणू सांगत होती आणि तिला स्वतःलाच जाणवत होतं की टँकर बघितलेल्या माणसाला हे सगळं कसं ऐकू येत असेल.

"दोष वरच्या पाण्यात असंल," काका म्हणाले. "खाली चांगलं पाणी राहतंय. आपला बोअर उथळच हाय."

रेणूनं सांगितलं की हे उलटं असतं. पाणी खडकात जितकं खोल, जितकं जुनं, तितकं ते खडकातलं जास्त ओढून घेतं. काका मान हलवून हो म्हणाले. ते मान नीट हलवू शकत होते की नाही, हे तेव्हा तिनं बघितलं नाही.

वस्तीवर गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. म्हस्कूची पोर बोअर बंद करायला आली, असं बायका म्हणाल्या. गोपिकाबाई धुणं घेऊन गेली की शेजारच्या बाया पाठ फिरवून बसायच्या. नंदाबाई, जी रेणूला लहानपणी कडेवर घेऊन हिंडली होती, तिनं तोंडावर विचारलं की टँकरच्या रांगेत तू उभी राहणार का. रस्त्यानं चालताना तिच्या एक लक्षात आलं. पोरं तिला बघून खेळ थांबवत होती आणि ओठ मिटून घेत होती. कुणी तरी त्यांना सांगितलं होतं. एक लहान मुलगी तोंडावर हात ठेवून ती जाईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली.

जाताना रेणूनं जिल्ह्याच्या ऑफिसात अर्ज दिला. तो घेतला गेला.

संक्रांतीनंतर रामेश्वरचा फोन आला. बद्रीनाथ काकांनी मोठी मशीन बोलावली होती, जुन्या बोअरच्या शेजारीच. दोन दिवस सारखी चालली. पोरगी शिकून आली, तिनं वरचं पाणी खराब म्हणून सांगितलं, म्हणून मी खालचं काढतो, असं काकांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं. रेणूचं नाव घेऊन म्हटलं होतं.

"आणि पाणी?" रेणूनं विचारलं.

"गरम लागलं," रामेश्वर म्हणाला. त्याचा आवाज कसातरीच होता. "वाफ येऊन राह्यली. लोकं बघायला येऊन राह्यलेत, रेणू. नारळ फोडलेत."

ती दुसऱ्याच दिवशी निघाली. वस्तीवर पोचली तेव्हा ऊन कललं होतं आणि बोअरभोवती गर्दी होती. पाइपातून मनगटाएवढी धार पडत होती आणि गार हवेत तिच्यावर वाफ तरंगत होती. बायका त्या धारेखाली हात धरत होत्या. म्हाताऱ्या माणसांना तिथंच आंघोळी घालत होते, कारण त्यानं सांधे मोकळे होतात असं कुणी तरी सांगितलं होतं. जवळच्या गावातला एक जण फोनवर चित्रफीत काढत होता. पाणी हाताला बुळबुळीत लागत होतं, साबण लावल्यासारखं. साबण कमी लागतो म्हणून त्याचंही कौतुक चाललं होतं.

गर्दीच्या मधोमध म्हस्कू एका दगडावर बसलेला होता, पाठ ताठ, उघडा. दोघं जण त्याच्या कण्यावर गरम पाणी ओतत होते. त्यानं रेणूला बघितलं आणि तो हसला.

"बरं वाटून राह्यलं," तो म्हणाला. "लई दिवसांनी."

त्याच्या हातात पेला होता. ती त्याच्यापर्यंत जाईस्तोवर त्यानं तो रिकामा केला.

काकांनी तिला बोलावून पंपाच्या पेटीपाशी उभं केलं. सगळे तिच्याकडं बघत होते, आणि पहिल्यांदाच चांगल्या नजरेनं बघत होते. तिनं सांगितलं की हे पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका. तिनं ते मोठ्यानं, दोनदा सांगितलं. लोक माना डोलावत होते आणि घागरी भरत होते.

तपासणीचा निकाल आला तेव्हा ती पुण्यात होती. जुन्या बोअरच्या दुप्पट.

उन्हाळ्यात ओढ्याची विहीर आटली. रामेश्वर जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला लागला होता, पंधरवड्यानं घरी यायचा. वर्षाराणीला मोटारसायकल येत नव्हती. ती काही दिवस दूरच्या मळ्यातून डोक्यावर पाणी आणत राहिली, मग एक दिवस तिनं कॅन नव्या बोअरवर भरला आणि सासूला सांगितलं की मळ्यातलं आहे. गोपिकाबाईला कळलं होतं. पाणी कोमट होतं. तिनं ते माठात ओतलं. हे सगळं रेणूला नंतर समजलं, वर्षाराणीनंच रडत सांगितलं तेव्हा. तिच्यावर रागवायला रेणूला तोंड नव्हतं.

जूनच्या तोंडाशी म्हस्कू सकाळी उठायला गेला आणि त्याचे पाय त्याच्याबरोबर आले नाहीत. कुशीवर झाला, बाजेचा पाय धरला, आणि कमरेखालचं अंग जिथल्या तिथं राहिलं. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. शस्त्रक्रिया करून नस मोकळी करता येईल का, यावर डॉक्टरांचं एकमत झालं नाही. हाड इतकं कठीण झालंय की हत्यार चालवताना आतल्या नसेलाच धक्का बसेल, असं थोरले डॉक्टर म्हणाले. घरी आणलं.

बद्रीनाथ काका भेटायला आले. पुष्पाबाई त्यांच्या मागं होती. गोपिकाबाईनं सतरंजी टाकली. काका सतरंजीकडं बघत उभे राहिले, मग त्यांनी एक हात भिंतीला लावला, दुसरा गुडघ्यावर ठेवला, आणि अर्ध्यातच थांबले. पुढं जाता येईना की मागं येता येईना. पुष्पाबाईनं काखेत हात घालून त्यांना सरळ केलं. ते उभेच राहिले. म्हस्कू बाजेवरून त्यांच्याकडं बघत होता. दोघांपैकी कुणालाच मान वळवता येत नव्हती, म्हणून ते तिरक्या नजरेनं एकमेकांकडं बघत राहिले.

काकांनी खिशातून कागदाची पुडी काढून रेणूला दिली. आत दाढ होती.

"बघून सांग," ते म्हणाले.

"काका, आता बघून काय करायचं?"

"मला कळू दे. म्हस्क्याचं बघितलंस ना? माझंबी बघ."

तिनं पाहिलं. काकांच्या दाढेत संकेत म्हस्कूच्यापेक्षा हळू चढला आणि उतरलाच नाही. पाच-सहाच्या, कुठं त्याहून लांब साखळ्या धरल्याशिवाय गणित जुळेना. तिनं फोनवर एवढंच सांगितलं की तुमचं जास्त आहे. मग त्यांनी विचारलं की घरातल्या नातवांचं काय. रेणू म्हणाली, आत्ता थांबवलं तर वाचेल.

त्याच संध्याकाळी काकांनी दोन्ही बोअरच्या पेट्यांना कुलपं घातली. आपल्याच हातानं पाडलेले बोअर, आपल्याच हातानं बंद केले. किल्ल्या स्वतःच्या कमरेला लावल्या आणि टँकरसाठी तहसीलला जाऊन बसले. सकाळी पुष्पाबाई दूध घालायला निघाली तेव्हा नव्या बोअरवर धार चालू होती. कुलूप दगडानं फोडून बाजूला ठेवलेलं होतं, व्यवस्थित, पेटीच्या कडेला. कुणी फोडलं ते कुणीच सांगितलं नाही. काकांनी दुसरं कुलूप घातलं. तेही फुटलं. तिसऱ्या वेळेला ते तिथवर चालत जाऊ शकले नाहीत.

शाळा सुरू होण्याआधी रेणूनं मीनाला पुण्याला न्यायचं ठरवलं. रामेश्वर एका शब्दानं हो म्हणाला. वर्षाराणीनं पोरीचे कपडे पिशवीत भरले आणि मग पिशवी धरूनच बसली. मीनाला आत्याकडं जायचा आनंद होता, पण ती तो ओठ मिटून दाखवत होती. हसताना तोंड उघडायचं नाही हे ती या वर्षात शिकली होती. म्हस्कूनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. रेणूला तो म्हणाला की मेंढ्या विकून टाकायला सांग रामेश्वरला. त्यांचे दात झिजलेत, पुढ्यात चारा असून खाता येत नाही त्यांना. जो घेईल त्याला हे सांगून विका.

बस फाट्यावरून निघाली. मीना खिडकीशी बसली. पहिल्या वळणानंतर, ढवळ्यांच्या वस्तीजवळ, रस्त्याच्या कडेला एक मोठी मशीन उभी होती. लोखंडी मनोरा आभाळात, खाली पांढऱ्या भुकटीचा ढीग. पुढच्या वस्तीला दुसरी होती, ती चालू होती, आणि तिच्या आवाजानं बसच्या काचा थरथरत होत्या. त्याच्या पुढच्या गावात काम उरकलं होतं. पाइपाभोवती झेंडूच्या माळा होत्या आणि पोरं धारेखाली नाचत होती.

कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापाशी आला आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "इथंबी गरमच लागलं म्हणं. आता भोकरदनपस्तोर समद्यांना पाह्यजे."

रेणूनं दीड तिकीट घेतलं. बाहेर भुकटी उडत होती आणि हळूहळू आत येत होती, म्हणून तिनं मीनाला जवळ ओढून खिडकी लावून घेतली.